पत्नी म्हणजे कोण?

लग्न खरें कीं खोटें हा प्रश्न आपल्या समाजांत पूर्वीं सहसा कोणास पडत नसे. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, सप्तपदी झाली. किंवा काजीसमोर कबुली होऊन मेहेर ठरला, म्हणजे ती गोष्ट जन्माची झाली. तिला कागदाची गरज नव्हती. तिचे साक्षीदार म्हणजे अग्नि, देव, जमात आणि पंक्तीला जेवून गेलेला सारा गांव. परंतु अशा दांपत्यापैकीं एकानें समुद्र ओलांडला व दुसऱ्यानें त्याच्यामागून जावयाचें ठरविलें, म्हणजे परमुलखाच्या धक्क्यावर एक अधिकारी वाट अडवून उभा राहतो. त्यानें अग्नि पाहिलेला नसतो आणि गांवहि पाहिलेला नसतो. तो दोनच गोष्टी विचारतो : ही ह्याची बायको कशावरून? आणि हीं मुलें ह्याचीं कशावरून?

ज्यांचीं मुलें आज परदेशीं संसार थाटून राहिलीं आहेत, अशा आपल्याकडील पुष्कळ कुटुंबांस हे दोन प्रश्न चांगलेच परिचयाचे आहेत. अर्ज, दाखले, छायाचित्रें व शपथपत्रें ह्यांच्या ढिगाऱ्याखालीं ते दडलेले असतात, इतकेंच. त्यांकडे केवळ कचेरीची कटकट म्हणून पाहण्याची रीत आहे. आम्हांस ती अपुरी वाटते. पत्नीस व मुलांस राहूं द्यावयाचें कीं नाहीं हें ठरवितांना राज्य हें पत्नी म्हणजे कोण आणि मूल म्हणजे कोण हेंच ठरवीत असतें. आणि ती व्याख्या एकदां कायद्यांत उतरली, कीं बंदरावर थांबत नाहीं, थेट माजघरापर्यंत येते. ह्याचें सर्वांत बोलकें उदाहरण १९१३ सालीं दक्षिण आफ्रिकेंत घडलें. महाराष्ट्राचाहि त्याशीं संबंध आहे. म्हणून ती हकीकत येथें जरा विस्तारानें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

दक्षिण आफ्रिकेंतील हिंदी वस्तीचा आरंभ १८६० सालचा. त्या वर्षीं १६ नोव्हेंबरास 'ट्रूरो' नांवाची बोट मद्रासहून गिरमिटी मजूर घेऊन डर्बनला लागली. मजुरांच्या पाठोपाठ स्वतःच्या खर्चानें जाणारे व्यापारी, कारकून व कारागीर गेले. ते बहुतेक गुजराथचे. पण केपटाऊनकडे वळलेल्यांत रत्नागिरी व कुलाबा किनाऱ्यावरील कोंकणी मुसलमानहि होते. १९११ च्या खानेसुमारीच्या वेळीं त्या देशांत सुमारें दीड लक्ष हिंदी लोक होते. मजुरांच्या तांड्यांत कांहीं प्रमाणांत स्त्रिया असाव्यात असा सरकारी नियम होता. पण स्वखर्चानें गेलेल्या माणसाची तऱ्हा वेगळी. तो प्रथम एकटा जाई. चार पैसे गांठीला लागले कीं मायदेशीं येई, लग्न करी, कांहीं महिने राही आणि बायकोस आईबापांच्या स्वाधीन करून परत जाई. घरचीं वडील माणसें, शेतीवाडी, प्रवासाचा खर्च, अशीं कारणें अनेक होतीं. कुटुंब नेण्याचा विचार ठरेपर्यंत पुष्कळदां वर्षांमागून वर्षें लोटत.

ह्या अवधींत तिकडचे दरवाजे एकेक करून बंद होत चालले होते. नाताळनें १८९७ सालीं व केप वसाहतीनें १९०२ आणि १९०६ सालीं असे कायदे केले कीं, ज्यास युरोपीय भाषेंत लिहितां येत नाहीं त्यानें किनाऱ्यावर उतरूं नये. कायद्यांत हिंदी माणसाचें नांवहि काढलेलें नव्हतें. परंतु गुजराथी, मराठी वा तमिळ भाषेंतील विद्वत्ता त्या कसोटीस शून्य ठरे, आणि कायद्याचा हेतु आपोआप सफळ होई. मात्र जो अगोदरच रहिवासी झालेला असेल त्याची पत्नी व अज्ञान मुलें ह्यांस ही परीक्षा माफ होती. खुद्द त्या रहिवाशास मायदेशीं जाऊन परतावयाचें तर मुदतीचा परवाना, छायाचित्र व हाताचे ठसे द्यावे लागत. पण कुटुंब आणण्याची वाट निदान उघडी होती. १९१० सालीं चारी वसाहती मिळून एक संयुक्त राज्य झालें, तेव्हां हिंदी गृहस्थाच्या संसाराचा सारा भार 'पत्नी' ह्या एका शब्दावर तोललेला होता.

पोर्ट एलिझाबेथ येथील हसन इसप हा असाच एक रहिवासी. त्यानें हिंदुस्थानांत मुसलमानी विधीनें लग्न केलें होतें. पुढें त्याची पत्नी बाई मरियम तिकडे गेली, तेव्हां तिला उतरूं देण्यास अधिकाऱ्यांनीं नकार दिला. नवऱ्यानें केपच्या वरिष्ठ न्यायालयांत दाद मागितली. १४ मार्च १९१३ रोजीं न्यायमूर्ति सर्ल ह्यांनीं निकाल दिला कीं, ज्या धर्मांत एकाहून अधिक स्त्रिया करण्यास मुभा आहे, त्या धर्माप्रमाणें झालेला संबंध येथील कायद्याच्या दृष्टीनें विवाह होत नाहीं. सबब ही स्त्री कायद्यांतील 'पत्नी' नव्हे, आणि प्रवेशाचा हक्क तिला नाहीं. नवऱ्यानें किती स्त्रिया केल्या हा प्रश्न गौण ठरला. त्याच्या धर्मानें किती करूं दिल्या असत्या एवढेंच पाहिलें गेलें.

ह्या विचारसरणीचा प्रसिद्ध आधार इंग्लंडांतील १८६६ च्या एका निवाड्यांत सांपडतो. हाइड नांवाच्या इंग्रजानें मॉर्मन पंथ स्वीकारून अमेरिकेंतील युटाह प्रांतीं लग्न केलें होतें. पुढें पंथ सोडून परत आल्यावर त्यानें घटस्फोट मागितला. लॉर्ड पेन्झन्स ह्या पुढील नांवानें प्रसिद्ध असलेल्या न्यायाधीशांनीं त्यास सांगितलें कीं, एक पुरुष व एक स्त्री ह्यांनीं इतर सर्वांस वगळून, जन्मभरासाठीं, स्वेच्छेनें केलेला संबंध तोच ख्रिस्ती जगतांतील विवाह. मॉर्मन लग्न त्यांत बसत नाहीं, म्हणून तें मोडण्यासहि हें न्यायालय मोकळें नाहीं. त्या खटल्याशीं हिंदुस्थानाचा कांहींएक संबंध नव्हता, आणि कोणा स्त्रीस देशांत घ्यावें कीं न घ्यावें हा मुद्दाहि नव्हता. परंतु व्याख्या एकदां रूढ झाली, कीं ती कोठें नेऊन लावावी ह्यास धरबंध राहत नाहीं.

गांधीजींनीं पुढें दक्षिण आफ्रिकेंतील सत्याग्रहाच्या आपल्या इतिहासांत ह्या निवाड्याचा अर्थ असा सांगितला कीं, ख्रिस्ती विधीनें लागलेलें व सरकारीं नोंदलेलें लग्न तेवढें खरें ठरलें. न्यायालयाचें कारण ह्याहून थोडें निराळें, बहुपत्नीकत्वाचें होतें, हा भेद इतिहासाच्या अभ्यासकानें नजरेआड करूं नये. तथापि त्या काळच्या हिंदु व मुसलमान घरांपुरता परिणाम एकच होता. कारण हिंदु धर्मशास्त्रानेंहि पुरुषास तेव्हां ती मोकळीक दिलेली होती. जो गृहस्थ एकाच स्त्रीशीं तीस वर्षें निष्ठेनें नांदला, त्याचेंहि लग्न त्याच्या धर्मानें दिलेल्या, पण त्यानें कधींहि न वापरलेल्या, सवलतीमुळें रद्द ठरत होतें.

आणि येथेंच ह्या हकीकतीचें मर्म आहे. अर्ज केला होता एका स्त्रीनें, आणि तोहि केवळ उतरण्यापुरता. परंतु ज्या स्त्रिया केव्हांच उतरून स्थिरावल्या होत्या, ज्यांचीं मुलें तेथेंच जन्मून शाळेंत जात होतीं, त्यांनाहि ह्या निवाड्यानें विचारलें कीं, तुम्ही ह्या घरांत कोणत्या नात्यानें आहां? पत्नी नव्हे, तर दुसरा शब्द कोणता, तो कोणीहि उच्चारला नाहीं. पण सर्वांना तो ऐकूं आला. मुलें अनौरस ठरण्याची आणि वारसा बुडण्याची भीति तिच्यामागोमाग आली. त्याच वर्षीं जो नवा प्रवेशनिर्बंधाचा कायदा झाला, त्यांत परदेशीं कोणत्याहि धर्माच्या विधीनें लागलेलें लग्न चालेल असे शब्द घालण्यांत आले. पण त्यांच्या शेजारींच 'एकपत्नीक' हें विशेषण ठेवलें गेलें. एका हातानें दिलें तें दुसऱ्या हातानें काढून घेण्याचा हा प्रकार होता.

आतांपर्यंत हिंदी लोकांच्या लढ्यांत स्त्रियांस तुरुंगांत धाडावयाचें नाहीं असा संकेत होता. तो ह्या निवाड्यानें मोडला. १९१३ च्या मे महिन्यांत ट्रान्सवालमधील हिंदी स्त्रियांच्या मंडळानें ठराव करून सरकारास कळविलें कीं, हा अपमान दूर न झाल्यास आम्ही तुरुंगांत जाऊं. १५ सप्टेंबर रोजीं फिनिक्स आश्रमांतून सोळा जणांची पहिली तुकडी निघाली. तींत कस्तुरबा गांधी व आणखी तीन स्त्रिया होत्या. परवान्यावांचून ट्रान्सवालची हद्द ओलांडल्याबद्दल त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. ट्रान्सवालकडून अकरा स्त्रिया उलट दिशेनें नाताळांत शिरल्या. त्या बहुतेक तमिळ होत्या व कित्येकींच्या कडेवर तान्हीं मुलें होतीं. न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींवर जाऊन त्यांनीं मजुरांस संपाची हांक दिली. मजुरांची मुख्य तक्रार दरसाल तीन पौंडांच्या डोईपट्टीची होती; परंतु ती तक्रार आणि विवाहाचा अपमान ह्यांची गांठ ह्या स्त्रियांनींच घातली. ६ नोव्हेंबर रोजीं चार्ल्सटाऊनहून जो मोर्चा निघाला, त्यांत २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया व ५७ मुलें होतीं, असा आंकडा गांधीजींनीं नमूद केला आहे. तुरुंगांतून ताप घेऊन बाहेर पडलेली सोळा वर्षांची वळ्ळियम्मा २२ फेब्रुवारी १९१४ रोजीं वारली. जिचें स्वतःचें लग्नहि झालेलें नव्हतें, अशी ही मुलगी लढ्यांत कामास आली!

हिंदुस्थानांत ह्या लढ्याचा भार नामदार गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनीं उचलला होता. १९१२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत ते स्वतः दक्षिण आफ्रिकेंत हिंडून आले होते. त्या दौऱ्यांतील एक गोष्ट मराठी वाचकांस विशेष गोड वाटेल. तेथील कोंकणी मुसलमान व थोडेसे महाराष्ट्रीय हिंदु ह्यांची इच्छा अशी कीं, गोखल्यांनीं आपल्याशीं मराठींतून बोलावें. इंग्रजी वक्तृत्वाबद्दल ख्याति असलेल्या गोखल्यांनीं ती मान्य केली, आणि मराठी भाषणाचा हिंदुस्थानींत तरजुमा करण्याचें काम खुद्द गांधीजींनीं पत्करलें. ज्यांच्या घरांतील बायकांवर पुढच्याच वर्षीं हा प्रसंग यावयाचा होता, त्यांची गोखल्यांशीं गांठ अशी त्यांच्याच भाषेंत पडली होती. १९१३ च्या अखेरीस प्रकृति ढासळलेली असतांहि गोखल्यांनीं निधि जमविला, सरकारास सतत जागें ठेविलें आणि ॲन्ड्र्यूज व पिअर्सन ह्या दोन सज्जनांस तिकडे धाडलें. नोव्हेंबरांत मद्रास येथें व्हॉइसरॉय लॉर्ड हार्डिंज ह्यांनीं उघडपणें सत्याग्रहींबद्दल सहानुभूति दर्शविली. अखेर चौकशी मंडळ नेमलें गेलें, आणि १९१४ च्या मध्यावर 'इंडियन रिलीफ ॲक्ट' मंजूर होऊन तीन पौंडांची पट्टी उठली व विवाहाचा प्रश्न मिटला.

मिटला असें आपण नेहमीं म्हणतों. पण काय मिटलें आणि काय उरलें, हें निरखून पाहिलें पाहिजे. त्या कायद्यानें हिंदी धर्मांप्रमाणें झालेल्या लग्नाची एक पत्नी प्रवेशापुरती मान्य केली. मात्र त्या पुरुषाची दुसरी पत्नी तेथें राहत नसावी, व हयात असलेल्या दुसऱ्या स्त्रीपासून झालेली त्याची संततिहि तेथें नसावी. मूल कोणतें? तर सोळा वर्षांच्या आंतील, आणि तो रहिवासी व ती मान्य पत्नी ह्या दोघांच्या पोटचें. अथवा पत्नी म्हणून जी मान्य झाली असती, पण वारली, तिचें व त्याचें. ह्या व्याख्येंत दत्तक पुत्रास जागा नाहीं. आणि पत्नीचें पहिल्या नवऱ्यापासूनचें मूलहि तींत बसत नाहीं. हिंदु विधवेच्या पुनर्विवाहास १८५६ सालींच कायद्याची मान्यता मिळाली होती, मुसलमान समाजांत तर तो निषिद्ध कधींच नव्हता, आणि आपल्याकडील कितीतरी जातींत पाट लावण्याची चाल होती. अशी एखादी स्त्री दुसऱ्या घरीं नांदावयास निघाली व तें घर डर्बनला असलें, तर तिला स्वतःस प्रवेश होता; पण तिच्या बोटाला धरून आलेल्या मुलास ह्या व्याख्येचा आधार नव्हता. पत्नीचें नातें सत्याग्रहानें मिळविलें. सावत्र मुलाचें नातें कोणी मागितलेंहि नाहीं.

शिवाय जें मिळालें तें प्रवेशापुरतें. १९१७ सालीं दक्षिण आफ्रिकेच्या सर्वोच्च अपील न्यायालयानें सीदत नांवाच्या मृत हिंदी गृहस्थाच्या मालमत्तेच्या खटल्यांत ठरविलें कीं, हिंदुस्थानांत मुसलमानी विधीनें झालेलें लग्न वारसा-कराच्या कामीं विवाह म्हणून धरतां येत नाहीं. म्हणजे एकच स्त्री बंदरावर पत्नी होती आणि वैधव्यांत नव्हती. पुढें १९५३ सालीं वर्णभेदवादी सरकारनें हिंदुस्थानांतून बायकामुलें आणण्याची सवलतच काढून घेतली.

ब्रिटिश साम्राज्याच्या दुसऱ्या टोंकासहि असेंच चाललें होतें. कॅनडांत १९०८ पासून असा नियम होता कीं, मायदेशाहून वाटेंत न थांबतां सरळ आलेल्यासच घ्यावें; आणि हिंदुस्थानांतून तसा सरळ प्रवास तर घडूं दिला जात नसे. १९१२ सालीं भागसिंग व बलवंतसिंग ह्या व्हँकुव्हरच्या शीख पुढाऱ्यांच्या बायकामुलांस परत धाडण्याचा हुकूम झाला. पुष्कळ ओरड झाल्यावर त्यांस ठेवून घेण्यांत आलें, पण हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून, आणि हा पायंडा समजूं नये अशी तंबी देऊन. १९१८ च्या साम्राज्य-युद्धपरिषदेंत ठरलें कीं, वसाहतींत कायम राहिलेल्या हिंदी माणसानें एक पत्नी व तिचीं अज्ञान मुलें आणावींत. मात्र ती कायदेशीर पत्नी व तीं कायदेशीर मुलें आहेत असा हिंदुस्थान सरकारचा दाखला प्रत्येकाजवळ असावा. आम्हांस ही अट फार महत्त्वाची वाटते. अग्नीची व गांवाची साक्ष संपून सरकारी दाखल्याची साक्ष सुरू झाली, ती येथून.

राज्याच्या बाजूनें बोलावयाचें तर बोलण्यासारखें पुष्कळ आहे. दुसऱ्याचा मुलगा आपला म्हणून आणणारे लोक होते, असा तेथील अधिकाऱ्यांचा आरोप होता, आणि तो सर्वस्वीं निराधार म्हणतां येणार नाहीं. कोणत्याहि राज्यास आपल्या दारांतून कोण येतो हें पाहण्याचा अधिकार आहे; पुरावा मागणें हा अन्याय नव्हे. अन्याय तेव्हां होतो, जेव्हां पुरावा मागण्याच्या निमित्तानें नात्याचीच व्याख्या आकुंचित केली जाते, आणि मग सत्य सांगणारा माणूसहि खोटा ठरतो. बाई मरियमचें लग्न झालें होतें ह्यांत वाद नव्हता. तिची अडचण पुराव्याची नव्हती, शब्दाची होती.

काळाचा न्याय कधीं कधीं चमत्कारिक असतो. ज्या केपच्या न्यायालयानें १९१३ सालीं हा निकाल दिला, त्याच केपच्या न्यायालयांत शतकाच्या अखेरीस दावूद व इतर असा एक खटला उभा राहिला. परदेशी पति वा पत्नीनें कायम वास्तव्याचा अर्ज केला, तर तो मंजूर होईपर्यंत त्यानें देशांत राहावें कीं बाहेर जावें, हें कायद्यानें अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलें होतें. प्रकरण संविधान न्यायालयापर्यंत गेलें. ७ जून २००० रोजीं न्यायमूर्ति केट ओ'रेगन ह्यांनीं निकालांत सांगितलें कीं, पतिपत्नींनीं एकत्र राहणें हा माणसाच्या प्रतिष्ठेचाच भाग आहे, आणि तें अधिकाऱ्याच्या बेबंद मर्जीवर सोडणारें कलम संविधानाविरुद्ध आहे. मुसलमानी विवाहास कायद्यानें मान्यता न देणें हेंहि संविधानाविरुद्ध आहे, असें त्याच न्यायालयानें २०२२ सालीं ठरविलें. बाई मरियमचा अर्ज फेटाळल्यास तेव्हां १०९ वर्षें झालीं होतीं.

ही हकीकत वाचून दुसऱ्यांस दोष देऊन स्वस्थ बसणें सोपें आहे; परंतु इतिहासाचा उपयोग आरसा म्हणूनहि करावयाचा असतो. आज परदेशी माणसें हिंदी माणसाशीं लग्न करून येथें राहूं इच्छितात. २०१५ च्या दुरुस्तीप्रमाणें नागरिकाच्या परदेशी पति वा पत्नीस 'ओव्हरसीज सिटिझन' म्हणून नोंदवून घेतां येतें. त्यासाठीं लग्न नोंदलेलें असावें लागतें आणि दोन वर्षें टिकलेलें असावें लागतें. अज्ञान मुलाची सोय त्या कायद्यांत आहे, पण ती ज्याच्या आईबापांपैकीं एक तरी भारताचा नागरिक आहे अशा मुलाची. परदेशी पत्नी आपल्या पहिल्या घरचें मूल घेऊन आली, तर त्या मुलाचें नांव त्या कलमांत नाहीं. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यानें मात्र, आईबापांच्या ह्या लग्नाच्या वेळीं जें अठरा वर्षांच्या आंत होतें, अशा सावत्र मुलास मूल म्हणूनच गणलें. म्हणजे ही गोष्ट कायद्याच्या शब्दांत बसविणें अशक्य आहे असें नाहीं; ती कोणाच्या तरी मनांत यावी लागते.

दक्षिण आफ्रिकेंतील त्या स्त्रिया पुस्तकी कायदा जाणणाऱ्या नव्हत्या. कित्येकींस सही करतां येत नव्हती. परंतु कागदावर एक शब्द बदलला म्हणजे माणसाच्या आयुष्यांत काय बदलतें, हें त्यांना बरोबर समजलें, आणि त्या शब्दासाठीं त्या तुरुंगांत गेल्या. ज्या देशाच्या स्त्रियांनीं हा धडा स्वतः सोसून जगास दिला, त्या देशानें आपल्या दाराशीं उभ्या असलेल्या सुनेस, जांवयास आणि त्यांच्या बोटाला धरून आलेल्या पोरास प्रश्न अवश्य विचारावे. मात्र विचारतांना, हेच प्रश्न एकदां आपल्या आयाबायांस विचारले गेले होते, ह्याची आठवण ठेवावी.